जुन्या एस्टीमचे कूलंट होज: चांगले दिसतात, तरी बदलायचे का?

प्रश्न असा आला आहे: "वडिलांची २००५ ची मारुती एस्टीम आता माझ्याकडे आली आहे. ९२ हजार किलोमीटर झालेत, एलपीजी किट बसवलेलं आहे. गेली तीन वर्षं गाडी बहुतेक चाळीसगावला पत्र्याच्या शेडमध्ये उभीच होती. कूलंटचे पाइप कधी बदलले याची कुठेच नोंद नाही. बाहेरून काळेभोर दिसतात, कुठे चीर नाही. आमचा मेकॅनिक म्हणतो, 'फुटी तव्हय देखसूत,' म्हणजे फुटेल तेव्हा बघू. आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहिणीला आणायला कन्नड घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जायचं आहे. पाइप आत्ताच बदलू का? आणि पुढे किती वर्षांनी बदलत जाऊ?"

बदला. आखाजी तोंडावर येईपर्यंत थांबू नका, या पंधरवड्यातच बदला. आणि एक-दोन नव्हे, गाडीतल्या कूलंट वाहणाऱ्या झाडून सगळ्या रबरी नळ्या बदला. पुढे दर चार वर्षांनी, फार तर पाचव्या वर्षी. किलोमीटरचा आकडा इथे कामाचा नाही, होजचं वय वर्षांत मोजायचं. एवढं ठामपणे का म्हणतोय ते नीट सांगतो, कारण हे तुम्हाला तुमच्या मेकॅनिकच्या गळी उतरवायचं आहे आणि नुसतं 'कोणीतरी सांगितलं' म्हटल्यावर तो ऐकणार नाही.

मी धुळ्यात अठ्ठावीस वर्षं गाड्यांचं काम करतोय. सुरुवातीची बरीच वर्षं मीही पाइप डोळ्यांनी बघूनच सांगायचो. चकाकी आहे, चीर नाही, फुगा नाही, म्हणजे चालेल. एका काळी-पिवळीने, म्हणजे सवारी वाहणाऱ्या टॅक्सीने, माझी ही सवय मोडली. मालक उन्हाळ्याआधी गाडी दाखवायला आला होता. मी वरचा पाइप मधोमध चाचपला आणि ठीक आहे म्हणालो. तीन आठवड्यांच्या आत तीच गाडी भरल्या सवारीनिशी कोंडाईबारी घाटात वाफ सोडत उभी राहिली. फुटलेला पाइप तो सोबत घेऊन आला. चिडला नाही, फक्त पाइप बाकावर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही तर चांगला शे म्हणाले व्हते." तो निघून गेल्यावर मी ब्लेडने पाइप लांबीत चिरून उघडला. बाहेरून नव्यासारखा. आत मात्र तोंडापासून दोन-तीन बोटं अंतरावर उभ्या बारीक चिरांच्या रांगा होत्या, नखाने ओरबाडल्यासारख्या. त्यातल्या एका चिरेतून पाणी रबराच्या मधल्या धाग्याच्या थरापर्यंत पोचलं होतं. धागे ओलेकच्च, बोटाने ओढले तर तुटत होते. पाइप फुटला त्या दिवशी, पण कुजत होता कितीतरी आधीपासून, आणि मी त्याच्यावर हात ठेवून बरा आहे म्हणालो होतो. तेव्हापासून काढलेला प्रत्येक पाइप मी गिऱ्हाइकासमोर चिरून दाखवतो. तुम्हीही तुमच्या मेकॅनिकला तसं करायला सांगा. माझ्या दहा वाक्यांपेक्षा त्याला तो पाइप जास्त पटेल.

आता पाइप आतून का सडतो ते बघू. कूलंटचे होज ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. आत रबराचा थर, मध्ये विणलेला धागा, वर पुन्हा रबर. हे रबर ऊन, हवा, गरम पाणी यांना चांगलं तोंड देतं, म्हणूनच बाहेरून वर्षानुवर्षं काळंभोर राहतं. पण रबर काळं आणि मजबूत करायला त्यात कार्बन घालतात, आणि कार्बनमधून थोडी वीज वाहते. एका बाजूला इंजिनाचं धातूचं तोंड, दुसऱ्या बाजूला रेडिएटर, मध्ये कूलंटचं द्रावण. म्हणजे बॅटरीसारखीच रचना झाली. ती वीज अगदी क्षीण असते, पण वर्षानुवर्षं वाहत राहते आणि नळीच्या आतल्या थरात केसासारख्या चिरा पाडते. चिरेतून कूलंट आत शिरतं, धागा कुजतो, आणि एखाद्या दिवशी दाब वाढला की नळी तिथेच उकलते. १९८० च्या दशकात होज बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की बहुतेक होज याच कारणाने जातात. चिरा धातूच्या जवळ म्हणजे टोकांना जास्त पडतात, आणि सगळ्यात गरम असलेल्या वरच्या पाइपात लवकर पडतात. मी काळी-पिवळीचा पाइप मधोमध चाचपला होता. चूक नेमकी तिथेच झाली होती.

कूलंट जुनं झालं की हे आणखी वेगाने होतं. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि ती हळूहळू संपतात. साधं हिरवं कूलंट दोन वर्षांत बदलावं लागतं. तुमच्या गाडीत काय भरलंय, किती वर्षांपूर्वीचं, ते तुम्हालाही माहीत नाही. आपल्याकडे रेडिएटरात बोअरचं पाणी घालायची सवय आहे, ती तर घातकच. खान्देशातलं बोअरचं पाणी किती जड असतं ते तुमच्या घरच्या गिझरच्या कॉइलला विचारा. तेच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, पाइपच्या तोंडाशी पांढरा थर धरतात, ॲल्युमिनियम खातात. पाइप जिथे तोटीवर चढतो तिथे पांढरी किंवा हिरवट पापडी दिसली, तर तिथून झिरपतंय हे पक्कं समजा. थेंब पडताना दिसत नाही, कारण गरम इंजिनावर तो जागच्या जागी वाळतो. मागे राहते ती पापडी.

उन्हाबद्दल एक गैरसमज आधी दूर करतो. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो म्हणून पाइपमधलं पाणीही त्याच हिशोबाने तापतं, असं नाही. चालत्या इंजिनात थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) आणि पंखा मिळून पाणी साधारण ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान राखतात, मग बाहेर डिसेंबर असो की मे. फरक पडतो तो दोन ठिकाणी. पहिला, बॉनेटखालची हवा. दुपारी गाडी बंद करून उभी केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनाची सगळी धग बॉनेटखाली कोंडते. आपल्या उन्हात ती लवकर निवत नाही. रबराबाबत एक ढोबळ हिशोब सांगतात: तापमान दहा अंशांनी वाढलं की झीज जवळपास दुप्पट वेगाने होते. दुसरा फरक, हाताशी उरलेली सवड. थंडीत रेडिएटरची अर्धी जाळी बुजलेली असली तरी गाडी निभावून नेते. मेच्या दुपारी एसी लावून घाट चढताना काहीच शिल्लक नसतं, दाब वरच्या टोकाला असतो, आणि आतून सडलेला पाइप नेमका तेव्हाच उकलतो. म्हणून माझ्या गिऱ्हाइकांना मी हे काम होळीच्या आत उरकायला सांगतो. मे महिन्यात माझ्याकडे येणारे पाइप फुटलेलेच असतात.

'गाडी उभीच होती, फारशी चालली नाही, मग पाइप झिजतील कसे' असं तुमचा मेकॅनिक म्हणेल. उभ्या गाडीतही कूलंट नळीला लागून असतंच, आतली रासायनिक क्रिया थांबत नाही. शिवाय पत्र्याची शेड दुपारी भट्टी होते. उभ्या गाडीत रबर एकाच जागी क्लिपेखाली दाबून बसतं, लवचिकपणा घालवतं आणि इंजिन थंड असताना कडेने झिरपू लागतं. आणि उंदीर. घराजवळ कापूस, धान्य, ढेप साठवलेली असेल तर उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर घर करतात आणि हीटरच्या बारीक नळ्या कुरतडतात. पाइप काढताना मागच्या बाजूला, फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीपाशी) टॉर्च मारून बघा.

ज्यांना आपल्या होजचं वय माहीत आहे आणि ते तीन-चार वर्षांच्या आत आहे, त्यांच्यासाठी तपासायची रीत सांगतो. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असेल तर उत्तम. पाइप मुठीत धरून दाबू नका. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत, टोकापासून दोन इंचांच्या आत, गोल फिरत दाबत जा. मग तसंच मध्यभागी दाबून बघा. मधला भाग घट्ट पण लवचिक आणि टोकाचा भाग मऊ, लिबलिबीत, किंवा दाबताना आत खाच लागल्यासारखी वाटली, तर तो पाइप गेला. दाबताना आतून करकर असा बारीक आवाज आला तरी गेला. सगळाच पाइप दगडासारखा कडक झाला असेल तर उष्णतेने भाजलाय. फुगून स्पंजासारखा झाला असेल तर त्यावर तेल गळतंय. ईपीडीएमला तेल अजिबात सोसत नाही, म्हणून आधी ते गळतं तेल बंद करा, नाहीतर नवा पाइपही वर्षभरात तसाच होईल. गाडी निवल्यावर वरचा पाइप आत चिपकलेला दिसला तर पाइपला दोष देऊ नका. रेडिएटर कॅपमधली परतीची छोटी झडप अडकलेली असते, कॅप बदला.

तुमच्या बाबतीत मात्र या तपासणीत वेळ घालवू नका. ज्या होजचं वय माहीत नाही तो म्हाताराच धरायचा. वीस वर्षांच्या गाडीत कंपनीतून आलेले मूळ पाइपही असू शकतात. असे मी पाहिलेत.

आता कोणकोणते बदलायचे. वरचा आणि खालचा हे दोन जाडे पाइप सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्यापलीकडे हीटरला जाणारा एक आणि परत येणारा एक. वॉटर पंपाजवळची आखूड बायपास नळी, जी हात घालायला अवघड म्हणून हमखास राहून जाते. इंजेक्शनच्या बऱ्याच इंजिनांत थ्रॉटल बॉडीला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाला) पाणी नेणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात. शेवटी रेडिएटरच्या तोंडापासून रिझर्व्ह टाकीपर्यंतची नळी. हिच्यात दाब नसतो, पण तिला चीर पडली तर निवताना पाणी परत ओढलं जाण्याऐवजी हवा ओढली जाते, आणि टाकी भरलेली दिसत असताना रेडिएटर रिकामा होत जातो.

खालच्या पाइपबद्दल एक गोष्ट. पाणी तिथून पंपाकडे ओढलं जातं, म्हणजे तो चोखला जाणारा पाइप आहे. रबर मऊ पडलं की जास्त आरपीएमला तो आत चिपकतो आणि पाणी अडतं. गावात गाडी ठीक, हायवेवर शंभरच्या पुढे गेलं की तापते, थांबून बघावं तर सगळं नीट. अशा तक्रारीत लोक रेडिएटर बदलतात, थर्मोस्टॅट बदलतात आणि खालच्या पाइपकडे कोणी बघत नाही. काही गाड्यांत या पाइपात आतून स्प्रिंग असते ती याचसाठी. जुन्या पाइपात स्प्रिंग निघाली आणि नव्यात नसेल, तर दुकानदाराला विचारल्याशिवाय बसवू नका.

तुमच्या गाडीचं सगळ्यात कच्चं ठिकाण मात्र वेगळंच आहे: एलपीजी किट. गॅसच्या रेड्यूसरला ऊब द्यावी लागते, कारण द्रव गॅसचं वायूत रूपांतर होताना तो उष्णता खेचून घेतो. ही ऊब कूलंटची असते. किट बसवणारे हीटरचे पाइप कापून त्यात टी-जॉइंट घालतात आणि दोन नळ्या रेड्यूसरकडे नेतात. म्हणजे कारखान्याच्या रचनेत नसलेले चार-सहा सांधे आणि दोन जास्तीच्या नळ्या. त्या नळ्या बहुतेक वेळा किटवाल्याकडे जो पाइप हाताशी असेल त्याच्या असतात, कधी कधी तर गरम पाण्याच्या लायकीच्याही नसतात. प्लॅस्टिकचे टी वीस वर्षांत ठिसूळ होतात. गॅसवरच्या जुन्या गाड्यांत मी पाहिलेली बरीचशी गळती याच टीपाशी होती. त्या दोन्ही नळ्या कूलंटसाठीच्याच होजच्या घ्या, टी पितळेचे घ्या. आणि एक खूण लक्षात ठेवा: गाडी गॅसवर अडखळायला लागली, रेड्यूसर हाताला गार लागला किंवा त्यावर बर्फ धरला, तर तिथपर्यंत गरम पाणी पोचत नाहीये. काटा वर जाण्याच्या आधी मिळणारी ही सूचना आहे, पेट्रोलवरच्या गाडीवाल्याला ती मिळत नाही.

खरेदी करताना वरचा-खालचा पाइप साच्यातलाच घ्या, म्हणजे त्या गाडीच्या वळणाचा घडवलेला. सरळ नळी कापून वाकवून बसवली तर वळणावर ती दुमडते, पाणी अडतं आणि त्याच घडीवर ती फुटते. एस्टीमचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं असलं तरी धुळे-जळगावला पाइप मिळतात, थोडं विचारावं लागतं. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला पाइप घेऊ नका. वाकवून बघा, पृष्ठभागावर बारीक जाळी पडली तर परत करा. छापील तारीख असेल तर वाचा, पाच वर्षं दुकानात पडलेला पाइप नवा नव्हे. सिलिकॉनचे रंगीत होज घेऊ का असं हल्ली बरेच जण विचारतात. उष्णतेला ते उत्तम, टिकतातही जास्त. पण साध्या खाचांच्या क्लिपेने ते कापले जातात, त्यांना आतून गुळगुळीत क्लिप लागते, आणि तेलाशी त्यांचंही जमत नाही. तुमच्या वापराच्या गाडीला चांगला ईपीडीएम पुरेसा आहे. वाचलेल्या पैशात कॅप आणि थर्मोस्टॅट नवे घाला.

क्लिपा जुन्या वापरू नका. कंपनीच्या स्प्रिंगच्या क्लिपा मला जास्त आवडतात. रबर तापून फुगलं, निवून आक्रसलं, तरी त्या सारख्याच दाबाने धरून ठेवतात. स्क्रूच्या क्लिपा लावल्या तर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, एकदा पाना फिरवून बघा. नवं रबर क्लिपेखाली थोडं बसतं आणि क्लिप सैल होते. पण जोर लावून आवळू नका. क्लिपेच्या खाचांतून रबर वर आलं म्हणजे तुम्ही पाइप कापताय.

काम करताना सगळ्यात मोठं नुकसान होतं ते जुना पाइप हिसडून ओढण्यात. वीस वर्षांत रबर तोटीला चिकटलेलं असतं. रेडिएटरची टाकी प्लॅस्टिकची असेल तर तोटीच हातात येते आणि पाइपाच्या कामाचं रेडिएटरचं काम होतं. पाइप तर टाकायचाच आहे, मग ब्लेडने लांबीत चिरा आणि केळीचं साल सोलावं तसा सोला. ब्लेड तोटीला लागू देऊ नका. धातूच्या तोटीवरचा पांढरा थर बारीक पॉलिश पेपरने काढा, प्लॅस्टिकची तोटी फक्त कापडाने पुसा. नवा पाइप चढवताना ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलिन काही लावू नका, तोंडाला थोडं कूलंट लावलं की सरकतो. तोटीच्या टोकाला उंचवटा असतो, पाइप त्याच्या पुष्कळ आत जायला हवा आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसायला हवी. उंचवट्यावरच क्लिप आवळलेली मी किती वेळा पाहिली आहे. ती आज नाही तर उद्या सुटते.

पाइप उतरलेच आहेत तर जुनं पाणी पूर्ण काढा, डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा धुवा, मग तयार मिसळलेलं कूलंट भरा, म्हणजे प्रमाणाचा घोळ नाही. 'आपल्याकडे बर्फ कुठे पडतं, कूलंट कशाला' हे वाक्य मी रोज ऐकतो. कूलंटचं काम इथे गंज रोखणं, पंपाचं सील जपणं आणि उत्कलनबिंदू वर नेणं हे आहे. आणि एक कळकळीची विनंती: काढलेलं कूलंट अंगणात, गटारीत, गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-वासरं चाटतात, आणि त्यातलं ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करून जीव घेतं. डब्यात भरून, झाकण लावून, लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि गॅरेजला द्या.

भरताना हवा अडकते. हीटरचा नॉब गरमवर ठेवा, कॅप उघडी, सावकाश भरा, इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट उघडून वरचा पाइप गरम होईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. तुमच्या गाडीत रेड्यूसर उंचावर बसवलेला असेल तर हवा तिथे हमखास अडकते. त्याच्याकडे जाणारी आणि येणारी अशा दोन्ही नळ्या सारख्या गरम लागल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर कॅप उघडून पुन्हा पातळी बघा.

रेडिएटरात हळद किंवा गळती बंद करणारी पावडर घालायला कोणी सांगितलं तर नको म्हणा. रेडिएटरच्या बारीक छिद्राला हळद चार दिवस लिंपते हे खरं, पण सडलेल्या पाइपला तिचा उपयोग शून्य, आणि ती जाऊन बसते हीटरच्या आणि रेड्यूसरच्या बारीक वाटांत. तिथून काढायला मी अर्धा-अर्धा दिवस घालवला आहे.

आता 'फुटी तव्हय देखसूत' याचा हिशोब. चालत्या गाडीत कॅपमुळे पाण्यावर दाब असतो. ०.९ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब धरणाऱ्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पाइप फुटला की दाब क्षणात नाहीसा होतो आणि घाटात शंभरच्या वर गेलेलं पाणी जागच्या जागी वाफ होऊन बाहेर पडतं. मिनिटभरात इंजिन कोरडं. इथे लोकांना फसवतो तो तापमानाचा काटा. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणीच गेलं की तो नुसत्या हवेत लटकतो, काटा वर जायच्या ऐवजी खालीसुद्धा येतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं की गाडी निवली. तो आणखी दोन किलोमीटर रेटतो. तेवढ्यात ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जळतं, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टन धरतो, म्हणजे जागीच अडकून बसतो. हेड उतरवणं, फेसिंग (वाकलेलं हेड घासून सपाट करणं), गॅस्केट, ऑइल, टो करून आणणं, हे सगळं मिळून जे बिल होतं त्यात होज, क्लिपा आणि कूलंटचे कितीतरी संच येतात. मेकॅनिकचं वाईट चिंतू नका, त्याला नीट सांगितलं तर तोही ऐकेल. त्याला फक्त इतकं विचारा: फुटेल तेव्हा बघू, पण ते फुटेल कुठे? चाळीसगावच्या चौकात की घाटाच्या वळणावर, मागे गाड्यांची रांग असताना, गाडीत तुमची आई आणि बहीण बसलेली असताना?

होज बसवले की प्रत्येकावर पांढऱ्या पेंटने महिना-वर्ष लिहा, गाडीच्या कागदांच्या पाकिटातही नोंदवा. तुमच्यासारखा प्रश्न पुढच्या मालकाला पडायला नको. वीस वर्षांत वडिलांनी पाइप एकदा तरी बदलले असतील, असं मला वाटतं. फक्त कोणी लिहून ठेवलं नाही.

कन्नड घाटासाठी: पाइप निघण्याच्या किमान आठ दिवस आधी बदला आणि चाळीसगाव-धुळे असा एक फेरा करून बघा. नवं काम घेऊन थेट घाटात जायचं नाही. पहाटे निघा. चढताना गिअर खालचा ठेवा, म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही नीट फिरतात. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि काचा खाली. उकाड्याने जीव नकोसा होतो, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा चढत राहिला किंवा गोडसर वास आला, की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. अर्धा तास तरी कॅपला हात लावू नका. वरचा पाइप कापडावरून दाबून बघा, फुगीर आणि ताठ असेल तर आत दाब आहे, थांबा. पाइप टोकाशी फाटला असेल तर तेवढं टोक कापून उरलेला पुन्हा तोटीवर चढवता येतो. मध्ये फाटला असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून दोन्हीकडून क्लिप मारा आणि कॅप पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, म्हणजे दाब धरणार नाही. मग सावकाश, दर काही किलोमीटरवर पाणी बघत, जवळच्या गावापर्यंत पोचा. इंजिन चांगलंच तापलं असेल तर गार पाणी एकदम ओतू नका, ॲल्युमिनियम तडकतं. म्हणून डिकीत पाच लिटर पाणी, दोन जास्तीच्या क्लिपा, स्क्रू ड्रायव्हर, ब्लेड आणि ट्यूबचा तुकडा ठेवा. अशा वेळी साधं पाणी चालेल, घरी आल्यावर कूलंट पुन्हा भरा.

बहिणीला घेऊन परत आलात की दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी चालू करण्याआधी, रिझर्व्ह टाकीची पातळी बघा. निघतानाच्या खुणेवर असेल तर काम झालं. बोटभर खाली असेल तर कुठेतरी झिरपतंय, पाणी घालून गप्प बसू नका. प्रेशर टेस्टरचा पंप असलेल्या गॅरेजमध्ये न्या. थंड इंजिनावर कॅपच्या जागी तो लावून दाब दिला की दहा मिनिटांत जागा सापडते. पहिला टॉर्च मात्र एलपीजीच्या त्या टी-जॉइंटवर मारायला सांगा.